ट्रंकेतली तबकडी

आमच्या घरात ट्रंकांना क्रमांक आहेत. वाचकांपैकी जे बदलीच्या चाकरीत आहेत त्यांना याचे नवल वाटायचे नाही. तेजपूर, भोपाळ, विशाखापट्टण, पुन्हा भोपाळ आणि आता कलकत्ता, असा ज्यांचा चौतीस वर्षांचा प्रवास झाला त्यांच्या संसाराची खरी बखर सामानाच्या यादीतच लिहिलेली असते. एक ते तीन क्रमांकांच्या ट्रंका आमच्या स्वतःच्या. चौथी वडिलांची. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि खाली 'ग्वाल्हेर' अशी अक्षरे आहेत. ती अर्धी पुसली गेली तरी आम्ही कधी रंगवून घेतली नाहीत. ही चौथी ट्रंक प्रत्येक बदलीला आमच्याबरोबर निघे, प्रत्येक नव्या बिऱ्हाडात पलंगाखाली जाई आणि पुढची बदली येईतो तिथेच राही. वडील १९९४ साली गेले. त्यानंतर ती आम्ही दोनदाच उघडली, आणि दोन्ही वेळा डांबराच्या गोळ्या टाकण्यापुरती.

येत्या मार्चअखेर आमची चाकरी संपते. यापुढे सरकार आमचे सामान कोठे नेणार नाही, म्हणून सौभाग्यवतींनी फर्मान काढले की, जे साताऱ्याला न्यायचे नसेल त्याचा निकाल इथेच लावावा. पूजेच्या सुट्टीत आम्ही चौथी ट्रंक ओढून बाहेर काढली. वर वडिलांचा काळा कोट, त्याखाली विम्याच्या पावत्या, खात्याच्या परीक्षांची पुस्तके, आजोबांची नाट्यपदांची वही. आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली एक मोठी चौकोनी वस्तू. धोतर सोडले तो आत लाँग प्ले तबकडी. वेष्टनावर रोमन अक्षरांत नाव: 'विशबोन'. वादकाचे नाव जॅकी मिटू.

आमची नात शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मिठू? पोपटाची रेकॉर्ड आहे?"

तिच्या हसण्यात आम्ही सामील झालो खरे, पण हात थबकला होता. ही तबकडी आम्ही याआधी एकदाच पाहिली होती. तेव्हा आमचे वय सहा वर्षांचे होते.

येथे थोडी घरची हकीकत सांगणे भाग आहे. आमचे आजोबा साताऱ्यास शाळामास्तर होते आणि त्यांना नाटकाच्या गाण्याचे वेड होते. ते वेड त्या पिढीत गावोगाव होते, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की, एका मोडलेल्या नाटकमंडळीच्या सामानातून त्यांनी पायपेटी विकत घेतली होती. नव्या वाचकांसाठी सांगतो: पायपेटी म्हणजे पायांनी भाता मारायचा ऑर्गन. दोन्ही हात मोकळे राहत असल्यामुळे तिचा भरणा हातपेटीहून निराळा लागतो, आणि गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत ऑर्गनचा जो भरीव सूर गाण्याखाली अंथरलेला असे, त्याची हौस महाराष्ट्रातल्या कित्येक माजघरांनी अशा जुन्या पेट्यांवर भागवली. आजोबांना दोन मुलगे. थोरले ते आमचे वडील. त्यांना घरात सगळे दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणत असू. धाकटे काका. पेटीवर हात बसला तो काकांचा. दादांना वाजवता येत नसे, पण ऐकता येई. आणि आजोबांमागे ती पेटी घरात असणे हे त्यांना देव्हारा असण्यासारखे वाटे.

१९६७ साली कॅनडा सरकारने आपले दार नव्या पद्धतीने उघडले. शिक्षण, वय, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण द्यायचे आणि पुरेसे गुण पडले की माणूस कोणत्या वर्णाचा व देशाचा हे पाहायचे नाही, असा तो नियम. त्या दारातून आपल्याकडचे अनेक तरुण इंजिनियर गेले, तसे १९६९ साली काकाही गेले. त्यांना टोरोंटोस नोकरी लागायची होती, लागलेली नव्हती. खिशात नेता येणारे परकीय चलन आठ डॉलर. तिकिटाच्या पैशांत तूट पडत होती. दादा तेव्हा ग्वाल्हेरीस महालेखापालांच्या कचेरीत होते. त्यांनी आपल्या परीने पैसे पाठवले, तरीही काही रक्कम कमी पडली. आणि काकांनी, दादांना न विचारता, साताऱ्याच्या घरातली पायपेटी विकली. पावणेचारशे रुपये आले.

दादांना हे कळले तेव्हा काका लंडनच्या पुढे गेलेले होते. त्या दिवसापासून दादांनी काकांना पत्र लिहिले नाही. आरडाओरड नाही, दूषण नाही. आमच्या दादांचा राग लेखापरीक्षेतल्या शेऱ्यासारखा असे: एका ओळीचा, आणि मागे न घेतलेला.

१९७२ च्या पावसाळ्यानंतर ग्वाल्हेरीच्या बिऱ्हाडी रजिस्टर पार्सल आले. काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ टोरोंटोहून सुट्टीवर मुंबईस आले होते, त्यांनी ते टपालात टाकले होते. आम्हांला आठवते ते एवढेच की, दादांनी दोरा न तोडता गाठ सोडली, पुठ्ठे उचलले, तबकडी पाहिली, चष्मा पुसून वेष्टनावरचे नाव पुन्हा वाचले, आणि शब्दकोश काढला. मग आईकडे वळून म्हणाले, "कोंबडीचे हाड."

आमच्या घरी तबकडी वाजवायचे यंत्र नव्हते. होता तो रेडिओ. पेटी विकून गेलेल्या भावाने जिथे वाजवता यायची नाही तिथे परदेशी ऑर्गनची तबकडी पाठवावी, आणि तिचे नाव कोंबडीचे हाड असावे! सोवळ्यातल्या आमच्या आजीने ती हातात घ्यायचे नाकारले. दुसऱ्या दिवशी ती दिसेनाशी झाली. विशबोन म्हणजे कोंबडीच्या छातीचे दुबेळके असलेले हाड, आणि पाश्चात्त्यांच्या घरी दोघांनी त्याची दोन टोके धरून ओढायची, ज्याच्या हाती मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पुरी होते असा खेळ असतो. हे आम्हांला पुष्कळ उशिरा समजले. दादांच्या शब्दकोशात एवढे नसावे, आणि एका परीने ते बरेच झाले.

तर ती तबकडी आता आमच्या मांडीवर होती. आतला कागदी लखोटा बाहेर ओढला तो त्याच्याबरोबर एक निळा लिफाफा खाली पडला. पत्र काकांचे. आम्हांला वाटले, हे कोणी वाचलेच नसेल. पण लिफाफ्याची वरची कड चाकूने सरळ रेषेत कापलेली होती. तशी कड आमच्या ओळखीत एकच माणूस कापत असे. उलटून पाहिले. दादांची सवय होती की, आलेल्या प्रत्येक पत्राच्या पाठीवर ते केव्हा पोचले आणि केव्हा उत्तर दिले याची नोंद करायची. विम्याच्या पत्रावर, सोयरिकीच्या पत्रावर, सगळ्यांवर. येथेही ती होती. 'पोचले १४-११-७२.' खाली 'उत्तर', पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरे.

ज्यांनी आयुष्यभर फायली हाताळल्या आहेत त्यांना ती कोरी जागा पाहून काय वाटले असेल हे आम्ही लिहीत नाही.

पत्र दीड पानी आहे. आरंभी 'ती. स्व. दादांस सा. न. वि. वि.' असा रीतसर मायना. नोकरी लागल्याचे, थंडीचे, खोलीचे भाडे किती याचे चार ओळींत वर्तमान. नंतर लिहिले आहे की, रात्रपाळीहून परतल्यावर रेडिओ लावला असता एक ऑर्गन ऐकू आला. वाजवणारा जमैका बेटावरचा, चोवीस वर्षांचा मुलगा, आपल्यासारखाच बाहेरून या गावात आलेला. वाजवतो ते संगीत आपले नव्हे, ताल तर उलटाच. परंतु त्याच्या डाव्या हाताखाली बाबांची पेटी ऐकू येते. 'पेटीचे पैसे मी फेडीन असे म्हणत नाही, कारण ते पैशांचे नाही हे मला कळते. तुम्ही एकदा हे ऐकावे. कोणाकडे तरी यंत्र असेलच.' बस्स. खाली आईला नमस्कार, आणि आम्हां मुलांना आशीर्वाद.

कोणाकडे तरी यंत्र असेलच, या वाक्यावर आम्ही आठ दिवस काढले. ग्वाल्हेरीच्या आमच्या त्या आळीत निदान तिघांकडे यंत्र होते. एक तर भिंतीपलीकडेच होते.

कलकत्त्यास राहणाऱ्यांना मिर्झा गालिब स्ट्रीट सांगायला नको. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ती फ्री स्कूल स्ट्रीटच आहे. तिथे जुन्या तबकड्यांची चिंचोळी दुकाने आहेत. रविवारी सकाळी आम्ही विशबोन पिशवीत घालून गेलो, हेतू इतकाच की, एखादे दुरुस्त केलेले यंत्र विकत मिळाले तर पाहावे. दुकानदार वयस्क, डोळ्यांवर जाड भिंगे. त्याने तबकडी उजेडाकडे तिरपी धरली, कडेवरून बोट न लावता पाहिली, वेष्टनावरचा छाप वाचला आणि हळू आवाजात विचारले, "दादा, ही कोठे मिळाली?" बंगालात सगळेच दादा, तरी त्या क्षणी ते संबोधन आम्हांला लागले. आम्ही म्हटले, ट्रंकेत. मग यंत्राचा भाव बाजूला राहिला आणि तबकडीचा सुरू झाला. त्याने आठ हजार रुपये देऊ केले. आम्ही नाही म्हणताच दहा. आम्ही यंत्र विकत घेतले व तबकडी पिशवीत घालून निघालो, तेव्हा त्याने दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन आमचा नंबर मागून घेतला.

मग आम्ही या मिटूचा शोध घेऊ लागलो. कचेरीतून आलो की, चहा होताच तेच वाचायचे. सौभाग्यवती म्हणाल्या, पेन्शनीच्या कागदांकडे इतके लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

त्याचे खरे नाव डोनॅट रॉय मिटू. जन्म ३ मार्च १९४८, जमैकाच्या सेंट ॲन परगण्यात ब्राउन्स टाउन येथे. पियानोचे पहिले धडे आजीने दिले. १९६४ साली किंग्स्टनमध्ये 'स्कॅटलाइट्स' या वाद्यवृंदाची स्थापना झाली तेव्हा हा सोळा वर्षांचा पोरगा त्याच्या संस्थापकांत होता. तो वृंद वर्षभराने मोडला, पण जमैकाच्या संगीताला त्याने जे वळण दिले ते टिकले. ब्रेंटफर्ड रोडवर क्लेमेंट डॉड यांचे 'स्टुडिओ वन' होते. विशीही न गाठलेला मिटू तिथला संगीतप्रमुख झाला. आज स्का, रॉकस्टेडी आणि रेगे या तीन नावांनी जो इतिहास सांगतात त्याची मधली आणि शेवटची पायरी बऱ्याच अंशी त्या एका इमारतीत घडली, आणि तेव्हा ऑर्गनच्या बाकावर बहुधा हा असे.

तिथली काम करण्याची रीत वाचताना आम्हांला आजोबांची वही आठवली. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदावर 'चाल' म्हणून कोठल्या तरी आधीच्या गाण्याचे नाव छापलेले असते. चाल एक, पदे अनेक. स्टुडिओ वनमध्येही तसेच होई: वादक मिळून एक ठेका व त्यावरची खालच्या सुरांची चौकट बांधीत, आणि मग त्या एकाच चौकटीवर निरनिराळे गायक वर्षानुवर्षे आपापली गाणी चढवीत. तिला ते लोक 'रिडिम' म्हणतात. मिटू व त्याच्या सोबत्यांच्या 'साउंड डायमेन्शन' वृंदाने बांधलेली 'रिअल रॉक' नावाची चौकट इतक्या गाण्यांखाली गेली आहे की, मोजणारे दमतात. 'फुल अप' ही दुसरी. बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांनी १९८२ साली 'पास द डची' गायले आणि ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले, ते याच चौकटीवर; त्या गाण्याच्या कर्त्यांत मिटूचे नाव आहे. चाल करणारा एकीकडे आणि टाळ्या घेणारा दुसरीकडे, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्याइतकीच तिकडेही जुनी.

अशा भरात असलेला माणूस १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपले बेट सोडून टोरोंटोस गेला. काका गेले त्याच सुमारास, त्याच नव्या दाराने उघडलेल्या त्याच गावात. कॅरिबियन बेटांवरचे हजारो लोक तेव्हा तिथे येत होते; १९६७ पासून त्यांची 'कॅरिबाना' ही मिरवणूकही तिथे सुरू झाली होती. अल्टन एलिस, लेरॉय सिबल्स यांच्यासारखे किंग्स्टनचे नामवंत पुढे याच गावात येऊन राहिले. घरी राजे, इथे उमेदवार. ज्याला मागाहून 'कीबोर्ड किंग' म्हणायचे होते त्याला नव्या गावात श्रोते गोळा करण्यापासून सुरुवात करावी लागली.

आता एक गंमत सरकारी वाचकांसाठी. १९७१ च्या जानेवारीत कॅनडाच्या नियामक मंडळाचा असा हुकूम अमलात आला की, रेडिओवर वाजणाऱ्या संगीतापैकी तीस टक्के कॅनडाचे असले पाहिजे. संगीतकार कोठला, गायक-वादक कोठला, ध्वनिमुद्रण कोठे झाले, शब्द कोणाचे, असे चार निकष ठरले. शेजारच्या अमेरिकेची गाणी घर भरून टाकीत होती, त्यांना दारात अडवण्यासाठी हा बंधारा होता. त्यामुळे देशात केलेल्या तबकड्यांना रेडिओवर जागा झाली. विशबोन त्याच वर्षी, टोरोंटोत, 'समस' नावाच्या छोट्या छापावर निघाली आणि तिचे शीर्षकवादन रेडिओवर बरेच वाजले. हुकमाने कला निपजत नाही असे आपण नेहमी ऐकतो. रात्रपाळीहून आलेल्या आमच्या काकांच्या खोलीत तो ऑर्गन पोचला त्यात त्या हुकमाचा वाटा असेलच असे आम्ही धरून चालतो. आणि हा योग पाहा: आपल्या आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर घातलेली बंदी सैल केली तीही १९७१ सालीच. तीस वर्षे ज्या पेटीला सरकारी स्टुडिओच्या उंबऱ्याबाहेर बसवले होते तिला आत घेतले, आणि इकडे एका परक्या ऑर्गनवाल्याला दुसऱ्या सरकारने आपला म्हणून घेतले.

पुढच्या वर्षी मिटूची 'रेगे मॅजिक' निघाली. नंतर तो किंग्स्टनसाठीही वाजवीत राहिला. १६ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने टोरोंटोतच वारला. वय अवघे बेचाळीस. विशबोन तोवर बाजारातून कधीच नाहीशी झाली होती. छोटे छाप बंद पडतात, उरलेला माल कोठे जातो कोणी विचारत नाही. वेन मॅगी या दुसऱ्या जमैकन गायकाची १९७० सालची टोरोंटोतली तबकडी तर अशी विस्मरणात गेली की, जुन्या तबकड्यांचे शोधक तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजू लागले. सिॲटलच्या 'लाइट इन द ॲटिक' या मंडळींनी ती २००४ साली पुन्हा काढली, २००६ साली 'जमैका टू टोरोंटो' या नावाने त्या सगळ्या बिऱ्हाडकरूंच्या संगीताचा संग्रह केला, आणि मिटूची विशबोनही पुन्हा बाजारात आणली. माळ्यावरचा दिवा, असा त्या नावाचा अर्थ. आमच्याकडे माळा नव्हता, ट्रंक होती.

वाचन पुरे झाले असे वाटल्यावर एका रात्री आम्ही तबकडी लावली. इतक्या तयारीनंतर पहिल्यांदा जे वाटले ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: थोडा हिरमोड झाला. जमैकाची कच्ची धार घासून, अमेरिकेच्या सोल संगीताची साय वर धरून, जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या सभ्य माणसांना खपेल असा तो माल केलेला आहे, असे आमचे मत झाले, आणि दोन-तीन तुकड्यांबाबत ते आजही तसेच आहे. शिवाय तो उलटा ताल. आपला कान समेची वाट पाहतो. रेगेत ऑर्गनचा आणि गिटारीचा ठोका दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो, जणू कोणी आपले पाऊल पडायच्या आधी पायरी सरकवून ठेवतो.

पण तिसऱ्यांदा ऐकताना आम्ही दिवा मालवला आणि फक्त डाव्या हाताकडे कान दिला. मिटूचा ऑर्गन हॅमंडचा. त्यात भाता नाही, पत्त्या नाहीत, वारा नाही. लॉरेन्स हॅमंड या घड्याळे बनवणाऱ्या इंजिनियराने १९३५ साली शिकागोत तो बाजारात आणला: आत धातूची एक्क्याण्णव दातेरी चक्रे चुंबकांपुढे फिरतात, त्यांतून सूर निघतो, आणि नऊ-नऊ दांड्या कमीजास्त ओढून त्याचा रंग ठरवतात. ज्या देवळांना पाइप ऑर्गन परवडत नसे त्यांच्यासाठी मुख्यतः हे यंत्र, आणि तिथूनच ते काळ्या लोकांच्या प्रार्थनामंदिरांत व तिथून नाचगाण्याच्या दिवाणखान्यांत गेले. म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीने आजोबांच्या पायपेटीशी याचे काडीचे नाते नाही. तरीही उजवा हात वर बागडत असता खाली एक लांबट, किंचित थरथरता, घरातल्या वडील माणसाने पाठीवर हात ठेवावा तसा सूर धरून ठेवलेला असतो. पायपेटी आम्ही ऐकलेली नाही. ती गेली तेव्हा आम्ही तीन वर्षांचे होतो. तरीदेखील काका काय म्हणत होते ते समजले. दादांना ते आमच्याहून लवकर, बहुधा पहिल्याच मिनिटात, समजले असते.

काका आज ८३ वर्षांचे आहेत. टोरोंटोच्या स्कारबरो भागात मुलीजवळ राहतात. १९८३ साली ते एकदाच दादांना भेटायला रांचीस आले होते. दोन दिवस दोघे भाऊ ओसरीवर बसून गाड्यांच्या वेळा आणि साताऱ्याच्या घराचे कर यांविषयी बोलले. पेटीचे नाव कोणी काढले नाही, तबकडीचेही नाही. स्टेशनवर दादांनी त्यांना थर्मासमध्ये चहा भरून दिला होता, हे आम्हांला आठवते.

फोन करावा की नाही यावर घरात दोन पक्ष पडले. आम्ही स्वतः विरुद्ध पक्षात होतो. म्हाताऱ्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीचे अनुत्तरित पत्र परत दाखवून काय साधणार? सौभाग्यवती म्हणाल्या, "पत्र त्यांचे आहे. तुमचे नव्हे."

एका शनिवारी सायंकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, आम्ही फोन लावला. प्रकृतीचे झाल्यावर म्हटले, "काका, दादांच्या ट्रंकेत तुम्ही पाठवलेली रेकॉर्ड सापडली. विशबोन."

पलीकडे इतका वेळ काही आवाज नव्हता की फोन तुटला असे वाटले.

"सापडली म्हणजे?" काका म्हणाले. "ती पोचली होती?"

आम्ही म्हटले, पोचली होती. पत्रही होते. दादांनी उघडले होते.

"तारीख घातली असेल त्याने."

"घातली आहे. चौदा नोव्हेंबर बहात्तर."

"आणि उत्तर?"

आम्ही खरे ते सांगितले. रेघ आहे, पुढे कोरे आहे.

काका पुन्हा गप्प झाले. मग जे म्हणाले ते आमच्या ध्यानीमनी नव्हते. उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी समजूत करून घेतली की पार्सल पोचलेच नाही. ज्या गृहस्थांच्या हाती ते दिले होते त्यांना त्यांनी तिकडे परतल्यावर विचारले. ते म्हणाले, टपालात टाकले. काकांचा विश्वास बसला नाही. तबकडी नवी, महागाची. ठेवून घेतली असेल, असे मनाने घेतले. बोलणे तुटले. दोघेही एकाच वस्तीत राहत, गणपतीला एकाच सभागृहात जात, आणि तीस वर्षे एकमेकांना ओलांडून जात. "तो जाऊन सतरा वर्षे झाली," काका म्हणाले. "माणूस खरे बोलत होता. त्याच्या दहाव्यालाही मी गेलो नाही." रांचीस आले तेव्हा तबकडीचा विषय का काढला नाही, तेही कळले. पोचली नाही तर दादांच्या मनात आपण काहीच पाठवले नाही असे असणार. मग आता सांगितले तर सबब वाटेल.

"तुम्ही विचारायचे होते, काका," आम्ही म्हटले. आणि म्हटल्याबरोबर वाटले की, हे वाक्य दोघांपैकी कोणालाही लागू पडते.

ते म्हणाले, "दादाने ऐकली का रे?"

आम्ही म्हटले, घरी यंत्र नव्हते. शेजारच्या यंत्राविषयी आम्ही बोललो नाही. मग ते म्हणाले, धोतर कोणते होते? आम्ही बुचकळ्यात पडलो. सांगितले, जुने, बारीक लाल काठाचे. "नागपुरी," ते म्हणाले. "बाबांचे. दादाने बाबांची दोनच धोतरे ठेवली होती." हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही ते फरशी पुसायला काढले होते. सौभाग्यवतींनी ते ऐकले मात्र, त्या उठून आत गेल्या.

नंतर त्यांनी तबकडी लावायला सांगितले. आम्ही फोन यंत्रापाशी धरला. इतक्या लांबून, इतक्या लहान तोंडातून डावा हात काय ऐकू येणार. पण काकांनी पहिली बाजू संपेपर्यंत ठेवून दिला नाही. मध्ये एकदा त्यांच्या मुलीने इंग्रजीत काही विचारले, तिला त्यांनी मराठीत गप्प केले.

शेवटी आम्ही म्हटले, "काका, ही तुमचीच. जानेवारीत आमच्या कचेरीतल्या एकांचा मुलगा टोरोंटोस परत जातो आहे. त्याच्याबरोबर पाठवतो."

"नको, नको," काका घाईने म्हणाले. "कोणाच्या हाती म्हणून देऊ नकोस. तिथेच असू दे, आणि ते धोतर धुऊन परत गुंडाळ."

फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या दुकानदाराचा परवा पुन्हा फोन आला होता. आता तो बारा हजार म्हणतो.